पाणगवतातली म्हातारी

ऑक्टोबर लागला की सेंट लॉरेन्स नदीतलं गवत मोडायला लागतं. उन्हाळाभर तळापासून उगवून पाण्याच्या वरच्या थरापर्यंत आलेलं ते हिरवं रान थंडी पडताच पिवळं पडतं, देठाशी कुजतं आणि सुटतं. वारा उठला की नदीवरून त्याचे भारेच्या भारे वाहत येतात, बोटीच्या पंख्यात अडकतात, गळांना लोंबतात. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला क्लेटन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या धक्क्यावर सकाळी जुने गाइड आभाळाच्याही आधी या वाहत्या गवताकडे बघतात. कुठल्या बाजूचं गवत मेलं आणि कुठलं अजून तग धरून आहे, हे ज्याला कळतं त्याला या दिवसांत मस्की हा मासा दिसण्याची थोडीफार आशा असते.

लेक ओंटारिओ संपून नदी सुरू होते त्या तोंडापासून क्लेटन जवळच आहे. पाचही महासरोवरांचं पाणी इथूनच समुद्राकडे निघतं, सेकंदाला सरासरी ७,००० घनमीटरच्या आसपास. पण एवढ्या पाण्याचा ओघ जाणवतो तो मधल्या खोल धारेत, जिथून मालवाहू जहाजं जातात. कडेला सगळा पसारा बेटांचा. लहानमोठी मिळून अठराशेहून जास्त बेटं, त्यांच्यामधल्या अरुंद वाटा आणि आत शिरलेले उथळ, गवताने भरलेले बे : ईल बे, गूस बे, चिपेवा बे, फ्लिन बे. थाउजंड आयलंड्स म्हणतात ते हेच. सॅलडवर घालायच्या त्या प्रसिद्ध ड्रेसिंगचं नावही या बेटांवरूनच आलं. इथल्या एका गाइडच्या बायकोने काठावरच्या जेवणासाठी ते पहिल्यांदा केलं, असं क्लेटनमध्ये सांगतात. अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा याच बेटांमधून वळणं घेत जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना मासेमारी करायची तर दोन्हीकडचे परवाने खिशात ठेवावे लागतात.

मस्कीचं पूर्ण नाव मस्कलंज. पाइकच्या कुळातला हा सगळ्यात मोठा मासा. लांबट गोल अंग, चपटं रुंद तोंड आणि पाठीवरचा पर पार शेपटीजवळ सरकलेला. असं शरीर लांबच्या पाठलागाच्या कामाचं नसतं, एका झेपेच्या कामाचं असतं. सेंट लॉरेन्समधल्या मस्कीच्या अंगावर फिकट रंगावर गडद ठिपके असतात, तर पाइकच्या अंगावर गडद रंगावर फिकट. तरीही शंका राहिली तर गाइड मासा जरा कलता करून खालच्या जबड्याच्या तळाशी असलेली बारीक छिद्रं मोजतात. मस्कीला प्रत्येक बाजूला सहा ते नऊ असतात, पाइकला पाच किंवा त्याहून कमी. गवताच्या कडेला ही निश्चल उभी राहते आणि समोरून जाणाऱ्या पर्चवर किंवा सकरवर एकदाच तुटून पडते. आपल्याकडच्या गवताळ तळ्यांमध्ये मरळ हेच करते.

आणि मोठी मस्की म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी. नर तेवढे वाढत नाहीत. मादी वयात यायलाच पाच-सात वर्षं लागतात, साडेचार फुटांची व्हायला पंधरा-वीस. काही मस्की तीस वर्षांपर्यंत जगतात. कल्ल्यांच्या मागे क्लाइथ्रम नावाचं एक हाड असतं, त्याच्यावरच्या वलयांवरून वय कळतं. कॅनडातल्या एड क्रॉसमन आणि जॉन कॅसलमन या शास्त्रज्ञांनी अशी हाडं जमवून त्यांचा अभ्यास केला आणि नदीतल्या मोठ्या माशांचं वय पहिल्यांदा नीट समजलं. त्याआधी लोकांना वाटायचं, मोठा मासा म्हणजे भरपूर खाल्लेला मासा. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा भरपूर जगलेला मासा असतो. नदीवर मी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं.

मला या नदीवर नेलं ते एका मालवणी माणसाने. सिराक्यूजमध्ये तीसेक वर्षं राहणारे आमचे एक स्नेही, सगळेच त्यांना दादा म्हणतात. लहानपणी ते कर्लीच्या खाडीत गरवायला जायचे. इथे आल्यावर अनेक वर्षं त्यांनी गरी हातात धरली नाही, कारण इथलं पाणी आपलं नाही असं त्यांना वाटायचं. मग कुणीतरी त्यांना ऑक्टोबरमध्ये क्लेटनला घेऊन गेलं. तेव्हापासून दर वर्षी नवरात्र संपलं की दादांचे शनिवार-रविवार नदीवर जातात. सिराक्यूजहून दीड तासाचा रस्ता. त्यांचा ठरलेला गाइड साठीच्या पुढचा आहे, त्याचे वडील आणि आजोबाही याच नदीवर गाइड होते. बोटीत तो फार बोलत नाही, पण गवताचा विषय निघाला की थांबतही नाही.

शरद ऋतूच का, हे मी त्याला विचारलं. त्याने दोन कारणं सांगितली. पहिलं गाभोळीचं. मस्की अंडी घालते ती वसंतात, पण गाभोळी भरायला सुरुवात होते शरदातच, आणि ती भरता भरता हिवाळाही काढायचा असतो. म्हणून पाणी दहा अंशांच्या खाली उतरायला लागलं की माद्या मोठी शिकार बघतात. दुसरं कारण गवताचं. उन्हाळ्यात अख्खा बे हिरवा असतो, लहान मासे कुठेही लपू शकतात आणि मस्कीही कुठेही असू शकते. गवत मोडायला लागलं की लपायच्या जागा आक्रसतात. मग हिरवे राहिलेले जे थोडे पट्टे असतात, त्यांच्यात सगळे लहान मासे गोळा होतात आणि त्या पट्ट्यांच्या खोल बाजूच्या कडेला मस्की येऊन उभी राहते. "मेलेल्या गवतात वेळ घालवू नका," हा त्याचा पहिला नियम. मेलेलं गवत हाताला बुळबुळीत लागतं, गळाबरोबर आख्खं उपटून येतं. जिवंत गवत कडक असतं, गळ त्यातून झटका देऊन सोडवता येतो आणि सोडवताना हाताला जो ताण लागतो, त्यावरून गाइड सांगतो की इथे थांबू या.

त्याने बोटीवर ओढून घेतलेलं गवत मी जवळून पाहिलं. एक होतं लांब पट्टीसारख्या सरळ पानांचं, व्हॅलिस्नेरिया. आपल्याकडे घरच्या फिश टँकमध्ये याच्याच जातभाईंची पानं डुलत असतात. दुसरं होतं कूनटेल, देठाभोवती झुबक्याझुबक्यांनी बारीक काटेरी पानं असलेलं. तेही भारतातल्या तळ्यांमध्ये सापडतं. तिसरं युरेशियन मिल्फॉइल, बाहेरून आलेलं आणि इथे माजलेलं. पाण्यात हात घातला तर बोटं दुखायला लागावीत इतकी थंडी होती, तरी त्या कूनटेलच्या झुबक्यांमध्ये बारीक झिंग्यांसारखे जीव वळवळत होते. लहान मासे ते खायला येतात, त्यांना खायला पर्च येतात आणि पर्चसाठी ती.

मस्कीसाठी लागणारं सामान बघून आपल्याकडचा गरवणारा माणूस चकित होईल. साडेआठ-नऊ फुटांची जाड काठी, ८० ते १०० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी आणि दातांनी तुटू नये म्हणून तिच्या टोकाला पोलादी तार. आमिष नकली आणि वीतभर ते हातभर लांबीचं. रबराचे जड मासे, दोन पितळी पाती गरगर फिरणारे केसाळ बकटेल, आणि विस्कॉन्सिनमधल्या अँटिगोच्या फ्रँक सुइकने काढलेलं लाकडी सुइक, जे झटका दिला की डुबकी मारतं आणि सैल सोडलं की वर येतं. दहा हजार वेळा फेकावं तेव्हा एक मस्की लागते, ही इथली जुनी म्हण आहे. दादा ती अजिबात अतिशयोक्ती मानत नाहीत. खांदे भरून येतात, दोरीवर बर्फ धरायला लागतो, तरी फेकत राहायचं.

फेकणं ही अर्धीच गोष्ट. मस्की कित्येकदा आमिषाच्या मागे मागे बोटीपर्यंत येते आणि तोंड न उघडता तिथेच थबकते. म्हणून आमिष बोटीशी आलं तरी ते पाण्याबाहेर काढायचं नाही. काठीचं टोक पाण्यात बुडवून आमिषाने मोठा आठ काढायचा, वळणं रुंद ठेवायची, प्रत्येक वळणावर थोडं खोल किंवा थोडं वर न्यायचं. प्रत्येक फेकीनंतर हा आठ काढायचा, मागे कुणी दिसो वा न दिसो. दुपारी ढग आले होते आणि दादा यंत्रासारखे आठ काढत होते. एका वळणावर त्यांचा हात मंदावला. आमिषाच्या मागे, हातभर अंतरावर, पाण्यात एक करडी सावली होती. आधी मला ते वाहून आलेलं लाकूड वाटलं. मग त्याला डोळा दिसला, मग पोटाखालचे तांबूस पर. दादा माझ्याकडे न बघता पुटपुटले, "गप रव." तिसऱ्या वळणावर ती आमिषाबरोबर वळली. तिची आख्खी लांबी बोटीला समांतर झाली आणि तिच्या पाठीवरचे ठिपके मला एक-एक दिसले. चौथ्या वळणावर ती नव्हती. गेली कधी ते तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. गाइडने वेळ पाहिली आणि वहीत लिहून ठेवली. संध्याकाळी चंद्र उगवायच्या वेळी याच पट्ट्यावर परत यायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

चंद्राचं प्रकरण इथे फार गांभीर्याने घेतात. जॉन आल्डेन नाइट याने १९२६ मध्ये सूर्य-चंद्राच्या स्थितीवरून माशांच्या खाण्याच्या वेळा मांडायला सुरुवात केली, आणि ते सोल्युनर तक्ते अजूनही गाइडांच्या खिशात असतात. चंद्र उगवताना, मावळताना, डोक्यावर असताना मस्की खाते, असं बहुतेक जण मानतात. दादांना यात काही नवल वाटत नाही. कुठल्या तिथीला भरती कशी आणि मासा कधी लागतो, हे त्यांच्या आजोबांना तोंडपाठ होतं. कोजागरीच्या आसपासच्या रात्री तर नदीवर बोटींचे दिवे पहाटेपर्यंत दिसतात.

नोव्हेंबरात गवत बहुतेक संपतं, मस्की बाहेरच्या खडकाळ उंचवट्यांकडे सरकते आणि फेकण्याऐवजी ट्रोलिंग सुरू होतं. म्हणजे बोट सावकाश चालवत मागे मोठी आमिषं ओढत न्यायची. ताशी तीन-चार मैल, खाली वीस-तीस फूट पाणी, वाहतं गवत दर पाच मिनिटांनी गळावरून काढायचं. कॅनडाच्या बाजूचा फोर्टी एकर शोल हा यासाठी नावाजलेला. १५ डिसेंबरला हंगाम बंद. तोपर्यंत बर्फात बोटी घेऊन जाणारे लोक आहेत.

या नदीवर मस्कीचं वेड पसरलं ते वजनाच्या आकड्यांमुळे. २२ सप्टेंबर १९५७ रोजी आर्थर लॉटन याने सेंट लॉरेन्समध्ये ६९ पौंड १५ औंसांची, म्हणजे जवळजवळ ३२ किलोंची मस्की पकडल्याचं जाहीर केलं. जगातली सर्वांत मोठी मस्की म्हणून ती नोंद पस्तीस वर्षं टिकली. १९९२ मध्ये जुने फोटो आणि पुरावे तपासल्यावर तो जागतिक विक्रम रद्द झाला. न्यूयॉर्क राज्याच्या यादीत मात्र लॉटनचं नाव त्यानंतरही राहिलं. मग मान गेला विस्कॉन्सिनमधल्या लुई स्प्रेकडे. त्याने २० ऑक्टोबर १९४९ रोजी चिपेवा फ्लोएजमध्ये ६९ पौंड ११ औंसांची मस्की पकडली होती. हेवर्ड गावातलं फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेम आजही ती मानतं. त्याच संस्थेच्या आवारात १४३ फूट लांबीची फायबरग्लासची मस्की उभी आहे आणि तिच्या जबड्यात चढून लोक फोटो काढतात. पण स्प्रेच्या माशावरही शंका घेतल्या गेल्या, २००६ मध्ये हॉल ऑफ फेमला त्याबद्दल निकाल द्यावा लागला. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन या दोघांनाही बाजूला ठेवून कॅल जॉन्सनचा जुलै १९४९ मधला ६७ पौंड ८ औंसांचा मासा मानतं.

हे सगळे मासे मारलेले होते. विक्रमाला वजन लागायचं, वजनाला काटा आणि काट्यापर्यंत मासा जिवंत पोचायचा नाही. कुणाचा आकडा खरा आणि कुणाचा खोटा यावर पुस्तकं लिहिली गेली. पण वीस-पंचवीस वर्षांची, दर वसंतात लाखभर अंडी देणारी मादी एका फोटोसाठी नदीतून कायमची गेली, याचा हिशेब त्या काळात कुणी मांडला नाही.

तो हिशेब मांडणारे लोक मात्र पुढे आले. १९६६ मध्ये मिनेसोटात गिल हॅम याने मस्कीज इंक ही संघटना काढली. मस्की पकडायची, मोजायची आणि सोडून द्यायची, ही सवय या संघटनेने लावली. सेंट लॉरेन्सवर हे काम सेव्ह द रिव्हर या क्लेटनच्या संस्थेने उचललं. तिची जन्मकथा वेगळीच आहे. १९७८ मध्ये नदीतला बर्फ फोडून हिवाळ्यातही जहाजवाहतूक चालू ठेवायची योजना आली. तिच्याविरुद्ध गावकऱ्यांना एकत्र आणणाऱ्यांत बॅरी फ्रीड नावाचा एक दाढीवाला शेजारी पुढे होता. दोन वर्षांनी तो पोलिसांकडे हजर झाला तेव्हा गावाला कळलं की हा व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातला प्रसिद्ध नेता ॲबी हॉफमन, सहा वर्षं फरार असलेला. बर्फ फोडायची योजना बारगळली, संस्था राहिली. १९८७ पासून ही संस्था मोठी मस्की सोडून देणाऱ्याला मायकेल रिंगर या स्थानिक चित्रकाराच्या मस्कीच्या चित्राची मर्यादित प्रत देते. दादांच्या दिवाणखान्यात ती आहे, सप्तशृंगीच्या फोटोच्या शेजारी. मासा भुसा भरून भिंतीवर टांगायच्या जागी चित्र टांगायचं, ही कल्पना साधी आहे, पण एका पिढीच्या सवयी तिने बदलल्या. आज या नदीत मस्की ठेवायची तर ती किमान ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर लांब असावी लागते. कायदा म्हणून हा आकडा आहे. प्रत्यक्षात एवढीही फार थोडे लोक ठेवतात.

सोडणं हे पकडण्याइतकंच कसबाचं काम आहे, हे मला त्या बोटीत समजलं. रबरी जाळी एवढी मोठी की त्यात लहान मूल झोपेल. मासा जाळीत आला तरी जाळी पाण्यातच राहते, तिला पाण्याबाहेर उचलत नाहीत. गाइडच्या पायाशी लांब पक्कड होती आणि लोखंडी सळ्या कापायची कात्री. गळ खोल रुतला असेल तर तो ओढत बसायचं नाही, गळच कापायचा. दोन-तीन डॉलरचा गळ गेला तरी चालतो. मग एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली आणि दुसरा पोटाखाली, आडवी उचलायची, फोटोपुरते काही क्षण, आणि पुन्हा पाण्यात. शेपटीचं मूळ हातात धरून ती स्वतः जोर करेपर्यंत थांबायचं. शरदात पाणी थंड असतं, त्यात प्राणवायू भरपूर असतो, म्हणून या दिवसांत सोडलेली मस्की उन्हाळ्यातल्यापेक्षा सहज सावरते. तरीही प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी मिनेसोटातल्या मिल लॅक्स सरोवरात नोलन स्प्रेंगलर याने ५५ पौंड १४.८ औंसांची मस्की पकडली. तिला सोडायचा त्याने बराच वेळ प्रयत्न केला, ती सावरली नाही, म्हणून वजन झालं आणि राज्याचा विक्रम नोंदला गेला.

एवढी काळजी घेऊनही सेंट लॉरेन्समधली मस्की कमी झाली. आणि त्याला गळ कारण नव्हता.

१९५९ मध्ये सेंट लॉरेन्स सीवे सुरू झाला, राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याचं उद्घाटन केलं. खाली मसिना इथे मोझेस-साँडर्स धरण उभं राहिलं, काठावरची गावं पाण्याखाली गेली आणि नदीची पातळी माणसाच्या हातात आली. जहाजांना आणि वीजनिर्मितीला स्थिर पाणी हवं. पण ही नदी वर्षानुवर्षं चढत-उतरत आलेली. पाणी एका पातळीला थांबलं तशी काठच्या ओल्या कुरणांची जागा पाणकणसाने घेतली, आणि पाइकसारख्या माशांना अंडी घालायला जायची वाट बंद झाली. याच मार्गाने समुद्रापारची जहाजं आली, त्यांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा शिंपले आले, आणि काळ्या समुद्राच्या परिसरातला गोबी नावाचा बोटभर मासा आला. शिंपल्यांनी पाणी गाळून इतकं स्वच्छ केलं की ऊन खोलवर पोचू लागलं आणि गवत पूर्वी नव्हतं तिथेही वाढलं. गोबी तळाशी राहून मस्कीची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं खातो.

आणि मग रोग आला. व्हीएचएस, रक्तस्राव घडवणारा विषाणू. महासरोवरांमधला त्याचा सर्वांत जुना नमुना लेक सेंट क्लेअरमध्ये २००३ साली पकडलेल्या एका मस्कीतच सापडला. २००५ च्या वसंतापासून सेंट लॉरेन्सच्या काठाला मेलेल्या मस्की लागायला लागल्या, आणि त्या मोठ्या होत्या, अंडी घालायला उथळ पाण्यात आलेल्या. गाइड त्या वसंताबद्दल बोलताना पहिल्यांदाच काठी खाली ठेवून बोलला. पूर्वी ज्या माद्या त्याने सोडल्या होत्या, त्यांच्यापैकी एक त्याला एका बेटाच्या कडेला उताणी दिसली. जबड्यावरच्या जुन्या जखमेच्या खुणेवरून त्याने तिला ओळखलं. आधीच सावकाश वाढणारा मासा, त्यातल्या वयस्क माद्या एका झटक्यात गेल्या. त्यांची जागा भरायला पंधरा-वीस वर्षं हवीत, आणि त्या वर्षांमध्ये पिल्लं जगायला हवीत.

पिल्लं जगतात ती गवतात. क्लेटनसमोरच्या गव्हर्नर्स आयलंडवर न्यूयॉर्कच्या पर्यावरण आणि वनशास्त्र महाविद्यालयाचं थाउजंड आयलंड्स बायोलॉजिकल स्टेशन आहे. प्राध्यापक जॉन फॅरेल आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं तिथे मस्कीचा अभ्यास करतात. त्यांच्या कामातून दिसलं की मादी घरटं करत नाही, उथळ बेच्या तळावर अंडी विखरून टाकते, आणि वर्षानुवर्षं त्याच त्याच बेमध्ये परत येते. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिला उन्हाळा गुडघा-कंबरभर पाण्यातल्या गवतात काढतं आणि पानगळीपर्यंत वीतभर होतं. त्या बेमधलं गवत उपसलं, काठाला काँक्रीटची भिंत बांधली, धक्क्यासाठी तळ खरवडला, तर त्या मादीला दुसरी जागा शोधायची सवय नाही.

आणि गवत उपसायची इच्छा काठावर सगळ्यांना असते. सुट्टीचं घर घेणाऱ्याला पोहायला स्वच्छ वाळू हवी, बोटीला मोकळी वाट हवी, पायाला बुळबुळीत काही लागायला नको. मला त्यांचा राग येत नाही, पण ते काय काढून टाकतात हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मस्कीवर जीव टाकणाऱ्या माणसांनी सोडून द्यायला शिकण्यात एक पिढी घालवली. आता त्यांनी गवतासाठी भांडायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे. २०१७ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने पाण्याची पातळी थोडी निसर्गाप्रमाणे चढू-उतरू देणारा 'प्लॅन २०१४' लागू केला. त्याच वर्षी आणि २०१९ मध्ये विक्रमी पूर आले, काठावरच्या लोकांनी योजनेला दोष दिला, आयोगाने अतोनात पावसाकडे बोट दाखवलं. हा वाद अजून मिटलेला नाही. गवताच्या बाजूने बोलणारे त्यात थोडे.

नदीच्या खालच्या अंगाला, धरणाच्या पलीकडे, अक्वेसासने ही मोहॉक लोकांची वस्ती आहे. त्यांच्या बाबतीत मासा सोडून देण्याची गोष्ट वेगळी होते. धरणाने त्यांचे मासेमारीचे खळाळ बुडवले. मसिनाच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून पीसीबी नावाची विषारी रसायनं जमिनीत आणि पाण्यात गेली. १९८४ मध्ये ती जागा देशातल्या अतिदूषित जागांच्या यादीत गेली, आणि पिढ्यान् पिढ्या मासे खाऊन जगलेल्या लोकांना मासे खाऊ नका असं सांगावं लागलं. त्यांनी मासा सोडला तो शौकाने नाही. क्लेटनच्या धक्क्यावर मस्की सोडल्याचा आनंद साजरा होत असताना तीच नदी खाली काय घेऊन जाते, हे विसरून चालत नाही.

दादांनी एकदा बोटीत लोणावळ्याचा विषय काढला. टाटांच्या जलविद्युत तलावांशेजारी वळवण इथे महसीर वाढवायचं काम झालं, हे त्यांनी तरुणपणी वाचलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मत्स्यशास्त्रज्ञ चिं. वि. कुलकर्णी यांनी तिथे दख्खनच्या महसीरची अंडी कृत्रिम रीतीने फलित करून पिल्लं वाढवून दाखवली. धरणांनी अडवलेल्या नद्यांमधला मोठा मासा धरणाच्याच काठी वाचवायचा हा प्रयत्न होता आणि तो यशस्वी झाला. लाखोंनी बोटुकली देशभर गेली. पण त्यातली काही कावेरीत सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर, ज्याला टोर रेमादेवी हे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झालं, या पाहुण्यांपुढे मागे पडत अतिसंकटग्रस्त ठरला. गाइडने हे लक्ष देऊन ऐकलं. पिल्लं बाहेरून आणून सोडा, असं नदीवरचे काही लोक त्यालाही सांगतात. त्याचं म्हणणं, आणायचीच तर याच नदीच्या माद्यांची, याच बेमधली. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महसीरला कुणी हात लावत नाही, हेही दादांनी सांगितलं. तिथे पाणी खोल आहे का, त्याने विचारलं. गवत आहे का?

चंद्र उगवला तेव्हा आम्ही त्या पट्ट्यावर परत गेलो, अंधार पडेपर्यंत फेकलं, ती आली नाही. दादा पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहेत. हंगाम संपला की बोट घरामागच्या शेडमध्ये जाते, आणि मे महिन्यात बायोलॉजिकल स्टेशनची माणसं उथळ बेमध्ये सापळाजाळी लावायला निघतात. त्यात सापडलेल्या माद्या मोजून पुन्हा सोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लोक बारीक विणीची जाळी गवतातून ओढून त्या वर्षीची पिल्लं मोजतात. फ्लिन बेमध्ये किती निघाली हे विचारायला गाइड दर वर्षी स्वतः बोटीने स्टेशनवर जातो, आणि संध्याकाळी तो आकडा दादांना फोनवर कळवतो.